झोळीतली टाकी

दातिवऱ्याच्या दामूची मोटारसायकल रेतीच्या ट्रकमधून माझ्या पालघरच्या शेडात उतरली, तेव्हा टाकी गळत नव्हती. तीच भानगड होती. आधी गळत होती, पण गाडी धावायची. आता गळत नव्हती आणि गाडी हलत नव्हती.

कार्बोरेटर खोलला. पेट्रोल आणि हवा मिसळते ती ही जागा. त्यात जेट असतं, म्हणजे सुईएवढं भोक. ते पिवळ्या चिकट घाणीनं बुजलं होतं.

"दामू, टाकीत काय घातलंस?"

"राळ, मेस्त्री. तेलात कढवून. आमी होडीला लावतो ना, तीच. दर्याचा थेंब आत येत नाय."

"होडीला पाणी बाहेरून लागतं. इथं आत पेट्रोल आहे. ते राळ खातं."

"मंग पेट्रोल काय नाय खात?"

"तुझं डोकं. ते राळेपेक्षा घट्ट आहे."

तो हसला नाही. त्यानं भावांच्या मागे लागून घरचं जुनं जाळं विकायला लावलं होतं आणि ही गाडी घेतली होती. बर्फातली पापलेटं पालघर स्टेशनात आगगाडी सुटायच्या आत पोचवायची. राळ घातल्यावर दोनदा वाटेत बंद पडली, मासळी नासली. भाऊ म्हणाले, येत्या उधाणाला धावली तर ठेवू, नाहीतर भंगारात. तेव्हा भांग होती. भांगेला भरती-ओहोटी मंद असते, होड्या किनाऱ्याला बसून असतात. उधाणाला सगळे दर्यात.

टाकी उतरवली. राळ पेट्रोलनंच धुतली, मग सोड्याच्या गरम पाण्यानं. आत बॅटरी मारून पाहिलं तर लाल गंज, पापुद्रे सुटलेले. माझी बायको मंजुळा मागं उभी होती. म्हणाली, "पितळेचा तांब्या असता तर मी चिंच लावली असती."

चिंचेचं दाट पाणी भरून ठेवलं. गंज सैल झाला, पण सुटेना. आत नदीतली टोकदार खडी टाकली. आता टाकी हलवायची, तासन् तास. माझे हात भरून आले. घरात लेकीची झोळी टांगलेली होती. मी झोळीकडे पाहिलं आणि मंजुळानं माझ्याकडे.

"अवो, पोरगी कुठं निजंल?"

"खाली."

"बाप हाय का कोण?" असं म्हणत तिनंच पोरीला चटईवर घातलं आणि टाकी झोळीत निजवली.

ती झोका द्यायला लागली. खडी आत सरकायची, थांबायची, परत सरकायची. ओहोटीला गोट्यांवरून पाणी मागं जातं तसा आवाज. दुपार होती, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडले होते आणि ते झोळीवरून पुढंमागं होत होते. पोरगी त्या आवाजानं निजली. दामू दाराशी बसला होता, त्याचेही डोळे मिटले. "वयनी, दर्या आणलास घरात," तो झोपेतच बोलला. मंजुळाच्या बांगड्या वाजत होत्या. कुणाला काही काम आहे असं वाटतच नव्हतं.

खडी काढली तेव्हा गंज निघाला आणि नवी भोकं दिसली. गंजानंच ती बुजवून धरली होती. टाकी पाण्यानं भरून फक्त भोकाजवळची जागा कोरडी ठेवली आणि कथलाचा डाग दिला. पाणी नसेल आणि पेट्रोलचा वास उरला असेल, तर टाकीचा बॉम्ब होतो.

मग ती उन्हात खडखडीत वाळवली. आतून लेप हवा होता. बोईसरला वीजघराच्या कॉलनीत काम करणाऱ्या सुताराकडून चपडी लाख आणली, लाकडाला पॉलिश करतात ती. स्पिरिटमध्ये विरघळवून टाकीत ओतली, सगळ्या बाजूंनी फिरवली, उरलेली काढून टाकली. पेट्रोल लाखेला काही करत नाही. पण आतलं स्पिरिट पुरतं उडून जायला हवं.

दामू रोज सकाळी यायचा. "वयनी, झाली काय?"

माझं नाक पेट्रोलनं मेलेलं. मंजुळा टाकीच्या तोंडाशी वाकायची, डोळे मिटून वास घ्यायची.

"अजून नाय."

"उधाण आलं गो! भाऊ भंगारवाल्याशी बोललेत!"

"येऊ दे. ओली दिली तर परत इथंच आणशील."

उधाणाच्या आदल्या सकाळी तिनं वास घेतला आणि टाकी दामूच्या हातात दिली. "ने आता."

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. त्या उधाणाला पापलेटं स्टेशनात वेळेवर पोचली. भावांनी गाडी ठेवली. एक पापलेट आमच्याकडे आलं. ते मंजुळानं तळलं.

आज हे कुणी करू नका. आता पेट्रोलमध्येच स्पिरिट मिसळतात, लाख सुटेल. बाजारात तयार सीलर मिळतो, तो वापरा. घाई तेवढी करू नका. वास पुरता गेल्याशिवाय टाकी गाडीवर चढवायची नाही.

मंजुळा गेल्या पावसाळ्यात गेली. लेक म्हणते, बाबा, आईची लुगडी देऊन टाकू. मी रोज सकाळी पेटीचं झाकण उघडतो, वाकतो. एवढा एक वास या मेलेल्या नाकाला कळतो.

लेकीला सांगतो, अजून नाय.