धाकू आजोबांच्या जागेवर

उत्तम शहाडच्या एका कारखान्यात फिटर होता, पण कोणी विचारलं तर "मी रंगभूमीवर असतो" असं सांगायचा. असायचा तो खरा, पण बहुतेक वेळा हातात भाला घेऊन आणि कोपऱ्यात. कल्याण-डोंबिवलीच्या हौशी मंडळांत त्याने सरदार केले, दूत केले आणि एकदा तर प्रेतही केलं. "प्रेत फार गाजलं हो," असं त्याची बायको कलावती पाहुण्यांना सांगे. उत्तमही मान डोलावून म्हणे, "संवाद नव्हते ना!"

अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत मात्र त्याला मुख्य भूमिका मिळाली.

घर मूळचं कोकणातलं. आरती झाली की नैवेद्याआधी कर्त्या पुरुषाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हे काम उत्तमच्या आजोबांचं, धाकू आजोबांचं. तोंडात दात नाही, नाकात तपकीर. पण मखरापुढे उभे राहिले की पोरींच्या लग्नांपासून आंबिवलीच्या चाळीतल्या नळापर्यंत सगळं देवाच्या कानावर घालत. "बा देवा म्हाराजा, नळाक पाणी येता तां जरा उजाडल्यार येवंदे!" सगळी चाळ "व्हय म्हाराजा" म्हणे.

आजोबांना जाऊन वर्ष उलटलं होतं; गेल्या वर्षी दुखवट्यामुळे घरात गणपती आणलाच नव्हता. उत्तमचे वडील तर आधीच गेलेले. राहिले परशुराम काका, त्यांना चारचौघांत बोलायची लाज.

"आता ते गाऱ्हाणं बंद करू या," काका म्हणाले. "आरती झाली की पुरे."

आजीने, रखमाबाईने, वाफाळत्या भातावर झाकण ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ते उत्तमला बघवेना.

"मी घालतो," तो म्हणाला. "एवढी वर्षं स्टेजवर काय झक मारली?"

चतुर्थीपर्यंत त्याने तालमी केल्या. कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात आवाज चढवला, "म्हाराजा"वर सूर कुठे लांबवायचा ते ठरवलं, आजोबांचा खोकलासुद्धा बसवला.

चतुर्थीला आरती संपली. उत्तम पुढे झाला, त्याने एक दीर्घ श्वास घेतला, हात पसरले आणि सुरू केलं. काय तो आवाज! शेजारची हौसाबाई पोळपाट टाकून दारात आली. पण "व्हय म्हाराजा" काही ऐकू येईना. काकांनी मान खाली घातलेली, कलावतीने पदर तोंडात कोंबलेला. रंगलाय प्रयोग, असं वाटून उत्तमने आवाज आणखी चढवला.

"अरे बाबा," आजी म्हणाली, "गाराणां देवाक घालतंस की आमका? देव तुझ्या फाटी आसा!"

प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे नाटकाने अंगात इतकं मुरवलं होतं की पठ्ठ्या गणपतीला पाठ करून उभा होता.

हशा पिकला. एवढा हशा उत्तमला एकाही विनोदी नाटकात मिळाला नव्हता. तो कान धरून वळला.

आता समोर समई होती, देव होता आणि पायाखाली आजोबांची जागा. पाठ केलेलं सगळं पळालं. खोकलासुद्धा आठवेना.

"बा देवा म्हाराजा," तो कसाबसा म्हणाला, "यंदा आजो नाय रे."

मागून सवयीने सगळ्यांनी एका सुरात साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

कलावतीने पदर डोळ्यांकडे नेला. काका चष्मा पुसू लागले.

"फुडे बोल," आजी म्हणाली. "मोदक निवतत."

उत्तम हळू आवाजात मागत गेला. पोरांची शाळा मागितली, आजीचे गुडघे मागितले, हौसाबाईच्या मुलाला नोकरी मागितली. मागून कोणीतरी सदरा ओढला.

"अरे, माझं प्रमोशन!" परशुराम काका कुजबुजले.

"काकांचां प्रमोशन, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता.

जेवताना आजीने उत्तमच्या पानात मोदक वाढला, वर तूप सोडलं.

"खूपच बारीक बोललो ना गो?" उत्तम ओशाळून म्हणाला. "देवाला ऐकू तरी गेलं असेल का?"

"देवाचां माका काय ठावक?" आजी म्हणाली. "माका ऐकाक इलां. फुडल्या वर्साक जरा मोट्यान बोल."