साहेबांचं दुखणं

गाडी शिकवणाऱ्या माणसाने डोकं थंड ठेवावं, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा ब्रेकसरांच्या जागी बसून बघावं. शेजारी शिकाऊ माणूस, आपल्या पायाखाली जादाचा ब्रेक आणि समोरून भिंत चालून येतेय. अशी वीसेक वर्षं काढल्यावर कुणाचा आवाज चढणार नाही? शिकणाऱ्यांनीच त्यांचं नाव ब्रेकसर ठेवलं होतं. "समोरचा काहीतरी सांगत असतो हो. हात दाखवतो, दिवा लावतो. तुम्हाला बघायला काय होतं?" हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की झोपेतही हेच बडबडतात असं बायको सांगे.

तर अशा माणसाच्या गळ्यात एक गिनीपिग पडला.

लेक नववीत असताना तो घेऊन आली. "बाबा, मी सगळं करीन. तुला बोटसुद्धा लावावं लागणार नाही." आठवडाभर केलं तिने. मग परीक्षा आली, मग मैत्रिणी, मग कॉलेज, आणि आता तर ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. भुसा बदलायला बाबा, नखं कापायला बाबा. सर त्याला साहेब म्हणत, कारण काम शून्य आणि हुकूम दिवसभर. फ्रिजचं दार जरा वाजलं की साहेब पिंजऱ्याला तोंड लावून अशी शिट्टी मारत, की कान किटून जात. साधं पाणी प्यायचं तरी सरांना चोरासारखं दार उघडावं लागे. "घर माझं, फ्रिज माझा," असं धुसफुसत ते काकडीचा तुकडा नेऊन देत.

साहेब आता म्हातारे झाले होते. सात वर्षं म्हणजे त्यांच्यात आजोबाच. दाढा वाकड्या वाढल्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा घासून दिल्या, तरी चावणं काही जमेना. पाठीची हाडं हाताला लागायला लागली, मागचे पाय फरफटू लागले, आणि शिट्टी तर कधी बंद पडली ते कळलंही नाही. मग सुरू झाली सिरिंज. वाळक्या गवताची भुकटी भिजवून हिरवा लगदा करायचा, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचा आणि दर दोन-तीन तासांनी तोंडाच्या कोपऱ्यातून थोडा थोडा सोडायचा. बायको दिवसभर कामावर, म्हणून साहेब गाडीत, मागच्या सीटवर, टोपलीत. सरांच्या शर्टावर हिरवे डाग, खिशात सिरिंज आणि तोंडाला विश्रांती नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. "या आठवड्यात आपणहून खायला लागला नाही, तर इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे कायमचं झोपवू. त्रास होतोय त्याला. तुम्ही ठरवा आणि कळवा."

ठरवा म्हणे. बायको म्हणाली, "तुम्हीच करता त्याचं सगळं, तुम्हीच ठरवा." लेकीने फोनवर नाक ओढत सांगितलं, "बाबा, तुला वाटेल ते कर." वा रे वा. आणताना कुणी विचारलं नाही, आणि घालवायची वेळ आली की सगळ्यांना बाबा आठवले. सरांचं डोकंच फिरलं. "कुणी काही ठरवायचं नाही," ते म्हणाले. "खात कसा नाही तेच बघतो."

आठवडा संपत आला तरी साहेब खात नव्हते. त्या सकाळी गाडी शिकायला वाचनालयातल्या बाई होत्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसणाऱ्या. साहेबांची वेळ झाली तशी सरांनी गाडी मैदानाच्या कडेला घ्यायला लावली, साहेबांना मांडीवर घेतलं आणि सिरिंज पुढे केली. साहेबांनी मान झटकून ती ढकलून दिली. लगदा सरांच्या मनगटावर.

"आठवडाभर हेच चाललंय," सर बाईंना म्हणाले. "मी भरवतोय आणि हा नाक वर करतोय. अरे बाबा, तुझ्याच भल्याचं आहे ना?"

पुन्हा सिरिंज, पुन्हा झटका. तिसऱ्यांदा साहेबांनी मान उचलली, पण पुरती उचलवली नाही. अर्ध्यातच खाली टेकली.

"सर," बाई हळूच म्हणाल्या, "तो नको म्हणतोय."

"मला कळतं तो काय म्हणतोय ते," सर खेकसले, आणि सिरिंज मागे घेतली. कारण त्यांना खरंच कळत होतं. साहेब धडधाकट असताना लाड जास्त झाले की अशीच मान झटकत. बस झालं, हात काढा. आणि सर हात काढत. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नव्हते. नेमका याच आठवड्यात तो दिवा लावून बसला होता आणि सर मागून नुसता हॉर्न वाजवत होते.

त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. सिरिंज पुसून त्यांनी खिशात ठेवली.

"गाडी काढा. पुढे चौकात उजवीकडे दवाखाना आहे."

"मी? एवढ्या गर्दीत?"

"मग कोण? माझ्या मांडीवर हा आहे."

बाईंनी गाडी इतकी सावकाश नेली की सायकलवालेही पुढे गेले. चौकात दोनदा बंद पाडली. सरांनी एक शब्द काढला नाही, आणि पायाखालच्या ब्रेकला पायही लावला नाही.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि साहेब सरांच्या तळहातावरच गेले. सर एका बोटाने त्यांच्या कानामागे खाजवत होते, आणि या वेळी साहेबांनी मान झटकली नाही. बाहेर येऊन सरांनी लेकीला फोन केला. "मी काही ठरवलं नाही गं," ते म्हणाले. "त्यानेच सांगितलं. मलाच दिसायला उशीर झाला."

संध्याकाळी पाणी प्यायला म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने फ्रिजचं दार बोटभरच, चोरासारखं उघडलं. मग थांबले. दार सताड उघडलं, धाडकन लावलं, पुन्हा उघडलं. भाजीची पिशवी हाताने चुरगळून वाजवली. आवाज ऐकून बायको आली.

"काय हवंय?"

"एवढ्या काकड्या कशाला आणून ठेवल्यास?" सर तिच्यावर डाफरले. "कोण खाणार आहे?"

सर उघड्या फ्रिजसमोर तसेच खाली बसले आणि रडायला लागले.