डाव्या दाराच्या आत

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त प्रतिक्रिया दिल्या आहेत, आणि जुन्या वाचकांना आठवत असेल तर त्याही बहुतेक टिंगलीच्याच. कुणाला चिंचेखाली पांढरी साडी दिसली की मी खाली लिहायचे — "वाळत घातली असेल, घरात घ्या." मेहकरला एका शाळेत गणित शिकवते मी. स्टाफरूममध्ये अमावस्येला गाडीला लिंबू-मिरची बांधून येणाऱ्यांना मी चहा घेऊ दिलेला नाही सुखाने. तेव्हा आता माझी टिंगल झाली तर ती मी मुकाट्याने ऐकून घेईन. पण हे कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना…

आमचं घर लोणार रस्त्याकडच्या एका कॉलनीत आहे. पुढे अंगण, अंगणात पत्र्याचं शेड, शेडमध्ये आमची जुनी पांढरी गाडी. घरात मी आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी. ते मूळचे सुलतानपूरचे. सासूबाई गेल्यावर शेत ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरीव रकमेवर, देऊन आमच्याकडे राहायला आले. आणि हे होते… माझे मिस्टर, संजय. मागच्या दिवाळीनंतर गेले. दुपारी जेवण झालं, हात धुवायला उठले आणि मोरीपाशीच खाली बसले. ऑटो दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. याबद्दल याहून जास्त लिहायला मला जमणार नाही.

गाडी गॅरेजला न्यायची म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, अंगणात पोतं अंथरायचं आणि सुरू. टॉर्च धरायला मी. सगळं बसवून झालं की एखादा स्क्रू पोत्यावर उरायचाच, आणि मी तो उचलून दाखवला की हे शांतपणे म्हणायचे, "कंपनीनं जास्तीचाच देला असन तो." गाडी तरीही चालायची, हेच मोठं आश्चर्य. त्यावर या सदरात कुणी लिहिलं नाही.

यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं. लहानपणी सुलतानपूरला कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलं ते. टोक गोल, गुळगुळीत, नख नाही. पण त्याचं यांना कधी वाईट वाटलं नाही, उलट कौतुकच. गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल काढलं की मागे एक प्लास्टिकची शीट असते, पाणी आत येऊ नये म्हणून. ती काळ्या चिकट गमने दाराच्या पत्र्याला कडेकडेने चिकटवलेली असते. हा गम नखात शिरला की कशानेही निघत नाही. हे तो गम त्या थोट्या बोटाने दाबत जायचे. "याले नखच नाही, तं गम भरन कुठी? खास मेकॅनिकचं बोट हाये हे." माझी आई करंजीची कड दाबायची तसे एकाशेजारी एक खड्डे, शीटच्या चारी बाजूंनी. काम तसं धसमुसळं, पण ही कड मात्र देखणी.

मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. हे वर्षभर ऑपरेशनसाठी मागे लागले होते आणि मामाजी आज-उद्या करत होते. आधी थंडी जाऊ दे, मग ऊन उतरू दे… हे गेले तेव्हा मुलाचं तोंडसुद्धा त्यांना धड दिसलं नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "धुरकट दिसला मले तो. कोनाचंबी पोरगं असतं तसा." आणि मग स्वतःच म्हणाले, "चाल, करून टाकू आपरेशन. त्याचं म्हननं व्हतं."

तपासणीसाठी आम्ही बुलढाण्याला गेलो. गाडी मी चालवते, यांनीच शिकवली. परत येताना मामाजींनी त्यांच्या बाजूची काच वर घ्यायला बटण दाबलं आणि काच धप्पकन दाराच्या आत पडली. डाव्या बाजूचं पुढचं दार. दोन वर्षांपूर्वी ते यांनीच उघडून नीट केलं होतं. रस्त्याचं काम चाललेलं, सगळी धूळ आत. आणि डॉक्टरांनी तर नुकतंच बजावलं होतं की ऑपरेशननंतर डोळ्याला वारं आणि धूळ अजिबात लागता कामा नये.

ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलावलं. चांगला माणूस आहे. त्याने दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "काही नाही मॅडम, पॅनेल काढू, आतली शीट फाडून फेकू, नवीन लावून देऊ." मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. काय सांगणार होते त्याला? की त्या शीटच्या कडेला माझ्या नवऱ्याच्या बोटाचे ठसे आहेत?

मग मीच उघडायचं ठरवलं. इतकी वर्षं टॉर्च धरली म्हणजे काहीतरी डोक्यात गेलेलं असतंच. आतल्या हँडलच्या मागे एक स्क्रू, हात टेकवायच्या खाचेत एक, त्यावर छोटी टोपी. मग खालच्या कडेत काहीतरी चपटं घालून क्लिपा सोडवायच्या. मी स्वयंपाकाचा सराटा, म्हणजे उलथणं, घेतला, रंग खरवडू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळलं. फट् फट् करत क्लिपा सुटल्या. पॅनेल वर उचललं, बटणाची वायर काढली, हँडलची केबल काढली… आणि ते समोर आलं. काळ्या गमवर सगळीकडे यांचं बोट.

मी पोत्यावर बसले आणि रडले. मामाजी खुर्चीत होते, त्यांना दिसत नव्हतं. "काय झालं वं?" म्हणाले. मी त्यांचा हात धरून गमवर ठेवला. त्यांनी चाचपलं आणि चाचपतच राहिले. मग म्हणाले, "बंद कर. काच राहू दे तशीच. मी डोयाले टावेल बांधून येईन."

पण टॉवेलने काय होणार. काचेपर्यंत हात घालायचा तर शीट काढणं भाग होतं, आणि शीट काढली की ठसे जाणार. मामाजींचे डोळे बिघडले असते तर यांनी मला माफ केलं असतं का? मी शीट ओढली. गम तारेसारखा लांबत गेला, तुटला, आणि प्रत्येक खड्डा माझ्यासमोर ताणून नाहीसा झाला. त्या दिवशी हे दुसऱ्यांदा गेले असं मला वाटलं, आणि या वेळी ते माझ्या हातून.

काच रुळाला धरून ठेवणारे बोल्ट ढिले झाले होते. काच वर धरून ते आवळले. जुन्या गमला धूळ लागली होती, तो पुन्हा चिकटेना. म्हणून सगळा खरवडून काढला, पत्रा रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून नवीन गम आणला. यांच्या माघारी, मी स्वतः आणलेला. तो लावला, वर शीट बसवली, पण त्याला बोट लावायची माझी हिंमत होईना. जिथे यांचं बोट होतं तिथे माझं कसं उमटवू? मी घरातून वाटी आणली आणि वाटीच्या बुडाने पोचेल तिथवर कड दाबत गेले. सपाट, पापडासारखी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मला स्वतःलाच ते वारंवार आठवावं लागलं आहे.

पॅनेल बसवलं. खाचेतल्या स्क्रूची टोपी काढताना फुटली होती, ती मी नेलपॉलिशने चिकटवून टाकली. काच वर-खाली व्हायला लागली. स्क्रू एकही उरला नाही, आणि ते दाखवायला अंगणात कुणी नव्हतं.

ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं, काही आठवड्यांच्या अंतराने झालं. चांगलं झालं. येता-जाता काच बंद, धुळीचा कण आत आला नाही. मामाजींना कॅलेंडरवरचे आकडे दिसायला लागले, माझे पांढरे झालेले केसही दिसले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. यांच्या फोटोसमोर मात्र ते उभे राहायचे नाहीत. फोटो कॉलेजातला आहे, त्यात हे कुणीतरी वेगळेच दिसतात.

त्यानंतर दार खुळखुळायला लागलं. खड्डा आला की आत काहीतरी वाजायचं. म्हटलं, स्क्रू उरला नव्हता तो असा, आतच राहिला. रविवारी सकाळी पुन्हा पोतं अंथरलं, मामाजी पुन्हा खुर्ची टाकून बसले. टोपी निघेना. नेलपॉलिश जसंच्या तसं होतं, ते मला ब्लेडने खरवडावं लागलं. गाडीची किल्ली कायम माझ्या पर्समध्ये असते. हे सगळं मी आत्ता मुद्दाम लिहितेय, तेव्हा माझं लक्षही नव्हतं. क्लिपा सोडवल्या, पॅनेल उचललं, सुटा स्क्रू टण्णकन खाली पडला.

आणि गम सपाट नव्हता.

वरच्या कोपऱ्यापासून खाली, खालून पुढे, बिजागरीच्या बाजूने पुन्हा वर… एकाशेजारी एक खड्डे. गोल. नखाची रेघ नाही. बिजागरीपाशी वाटी पोचली नव्हती म्हणून माझ्याकडून एक कोपरा उघडा राहिला होता, तोही नीट दाबून बंद केलेला.

मला वाटलं मला भास होतोय, आणि मी बोलले तर म्हातारा माणूस उगाच घाबरेल. पण मामाजी खुर्चीतून उठून आले होते. वाकले. या वेळी त्यांनी हात लावला नाही, नुसतं बघितलं. नव्या डोळ्यांनी, कडेकडेने, एकेक खड्डा.

"हे मांघचंच हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही मामाजी. ते गेलं सारं. हा नवा गम हाये. मी वाटीनं दाबला व्हता."

ते पोत्यावर बसले. "त्याचंच बोट व्हय," म्हणाले. "मशीनमधून मीच काढलं व्हतं ते. मले नाही वयखू येनार तं कोनाले येईन?"

मी एका खड्ड्यात माझं बोट ठेवलं. नको होतं ठेवायला. माझ्या नखाची रेघ उमटली आणि तो खड्डा माझा झाला. "राहू दे, माय," मामाजी म्हणाले, आणि मी हात मागे घेतला.

"आलता तो," ते म्हणाले.

आणि मला, गणिताच्या बाईला, त्या क्षणी जराही भीती वाटली नाही. राग आला. खरंच राग आला. मी म्हटलं, "मंग मले काऊन नाही भेटले हो मामाजी?"

"कामात असला का त्याले कोनी दिसते का?" असं ते म्हणाले खरं, पण त्यांची मान खाली गेली. "मले तरी कुठी भेटला तो. आता तं दिसते मले."

मग मी पॅनेल लावलं.

मी फोटो काढलाय. फोटोत काळ्यावर काळं दिसतं, बाकी काही नाही. उष्णतेने गम फुगून असे खड्डे पडतात का, हे मी दोन मेकॅनिकना विचारलं. वितळून वाहील, पण असे ओळीने पडणार नाहीत म्हणाले. मामाजींनी केलं म्हणावं तर त्यांची दहाही बोटं शाबूत, आणि हातात कंप. मी झोपेत केलं म्हणावं तर नेलपॉलिशचं काय? आता ऊन तापलंय. पत्र्याच्या शेडमध्ये गाडीला हात लावता येत नाही, आतला गम एव्हाना मऊ होऊन पसरलाही असेल. दार मी परत उघडलेलं नाही.

ठसे कसे आले ते मला समजलेलं नाही, आणि समजलं नाही तरी चालेल. शेडच्या अगदी समोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. शाळेतून आले की माझा सगळा वेळ त्याच खिडकीशी जातो. हे शेडपर्यंत आले, मामाजींच्या डोळ्याला धूळ लागू नये म्हणून माझा राहिलेला कोपरासुद्धा बंद केला, आणि खिडकीपाशी आले नाहीत. याचं स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर तेवढं मला पाहिजे.