अडतीसच्या वर

वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस कसा असावा, तर आमच्या काटेवाल्यांसारखा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं हातभर दुकान होतं. भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यांतले, सगळ्यांचे काटे तिथे यायचे. पितळी वजनं मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची आणि ती कुणी बोटानं उचलली की काटेवाल्यांचा पारा चढायचा. "घाम लागतो हो, चिमटा घ्या!" म्हणून ते गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जायचे. दोन ग्रॅमचा फरक निघाला तर जेवण सोडून पुन्हा काट्यापाशी बसायचे. असा हा माणूस एका आकड्यापाशी मूग गिळून बसला, आणि का बसला ते त्यानं मला स्वतः सांगितलं, म्हणून मी सांगू शकतो.

सहा वर्षांपूर्वी काटेवाल्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, सगळ्यातून गेले आणि ठणठणीत बरे झाले. ज्यांनी बरं केलं त्या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल 'मोठ्या बाई' म्हणायचं. त्यांनी हॉस्पिटलात एक समिती काढली. उपचार भोगून बाहेर पडलेल्या माणसानं डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि आपलं कुठे अडलं, काय कळलं नाही, ते तोंडावर सांगायचं. त्या खुर्चीवर त्यांनी काटेवाल्यांना बसवलं.

पहिल्या वर्षी काटेवाल्यांनी काम चोख केलं. केमोच्या खोलीबाहेर माणसं भिंतीला टेकून उभी असत, तिथे बाकं आणवली. व्हरांड्यात सगळ्यांदेखत माणसाचा आजार ओरडून सांगायची पद्धत होती, ती बंद करवली. पुढे मात्र त्यांना ती खोलीच आवडायला लागली. लांबलचक टेबल, हात टेकायला खुर्ची, समोर 'रुग्ण प्रतिनिधी' अशी पाटी. बाजारात "ओ काटेवाले" आणि इथे "सर". दहावीला तीनदा आपटलेल्या माणसाला सर! मोठ्या बाई चारचौघांत म्हणायच्या, "आमचे हे सर बघा, कधी उगाच कटकट नाही." हे ऐकलं की काटेवाल्यांची मान आणखी थोडी ताठ व्हायची. बायको म्हणायची, "हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय तुम्हाला." ते हसायचे, पण उतरायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी केमो घेणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका निघाली. ती मोठ्या बाईंनी स्वतः रात्रंदिवस खपून लिहिली होती. छापायच्या आधी काटेवाल्यांनी ती वाचायची, आणि सामान्य माणसाला कळते का ते सांगायचं, असं ठरलं. सातव्या पानावर लिहिलं होतं: 'ताप ३८ च्या वर गेल्यास क्षणभरही उशीर न करता हॉस्पिटलात या.'

काटेवाल्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. अडतीस कसले? हॉस्पिटलातली थर्मामीटरं सेल्सियसची, तिथे अडतीस म्हणजे ताप. पण गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळणारं प्रत्येक थर्मामीटर फॅरनहाइटचं. त्याचे आकडे सुरूच चौऱ्याण्णवपासून होतात, आणि निरोगी माणसाचं अंगही त्यावर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव दाखवतं. जन्मभर मापांत हात घातलेल्या माणसाला हे कळायला पळभरही लागलं नाही.

ते तोंड उघडणार, इतक्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी मान्य केलीय. सर हो म्हणाले की छापायला देऊ. आणि हो, पुढच्या महिन्यात सगळ्या हॉस्पिटलांची मोठी परिषद आहे, तिथे रुग्णांच्या वतीनं बोलायला आपल्या सरांचं नाव दिलंय."

टाळ्या पडल्या. काटेवाल्यांचं बोट अजून त्या ओळीवर होतं. आता एवढ्या शिकलेल्या लोकांत चूक काढायची? आणि कुणाची, तर जिनं आपल्याला मरणाच्या दारातून ओढून काढलं तिची? कदाचित आपलंच काही चुकत असेल. त्यांनी बोट उचललं आणि म्हणाले, "अगदी सोपी झालीय, बाई. पोरंसोरंसुद्धा वाचतील."

पुस्तिका छापली गेली. मागच्या पानावर 'रुग्ण प्रतिनिधींनी वाचून मान्य केलेली' ही ओळ आणि वर काटेवाल्यांचा कडक इस्त्रीच्या शर्टातला फोटो.

तो शर्ट इस्त्री केला होता दुकानासमोरच्या इस्त्रीवाल्या वहिनींनी. नवरा-बायको मिळून कपड्यांचे गठ्ठे उपसायची. वहिनी बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. त्याच वर्षी त्यांच्या छातीत गाठ निघाली. काटेवाले स्वतः पुस्तिका घेऊन गेले. "घाबरायचं नाही, वहिनी. यात सगळं आहे. अक्षर न् अक्षर मी तपासलंय."

"तुम्ही तपासलंय म्हणजे झालंच की, भावजी," वहिनी म्हणाल्या आणि फोटो नवऱ्याला दाखवायला आत गेल्या.

पहिल्या केमोनंतर चौथ्या दिवशी वहिनी काटेवाल्यांच्या दुकानात आल्या त्या स्वतःवरच हसत. "काय फजिती झाली सांगू! सकाळी थर्मामीटर लावलं, तर सत्त्याण्णव! मी म्हटलं, अडतीसच्या वर नको म्हणालेत, हा तर कुठल्या कुठे गेला. हातातला शर्ट तसाच टाकून रिक्षा केली नि गेले धावत. तिथली नर्स पोट धरून हसली हो. म्हणाली, मावशी, हा ताप नव्हे, उगीच धावत येत जाऊ नका."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली. आणि काटेवालेही हसले.

ही गोष्ट सांगताना काटेवाले इथे थांबतात. पुस्तिकेच्या वेळी गप्प बसलो त्याचं एक वेळ समजू शकतं, म्हणतात. पण इथे समोर वहिनी उभ्या, खिशात पेन. शंभरच्या वर गेला की या, एवढं पुस्तिकेत लिहून द्यायचं होतं. पण लिहून द्यायचं म्हणजे छापलेलं चुकलंय हे कबूल करायचं, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर, आपल्याच फोटोखाली. ते हसले आणि म्हणाले, "होतं असं, वहिनी. ताप नव्हता हे चांगलंच झालं की."

दुसऱ्या केमोनंतर वहिनींना खरा ताप आला. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होतं. नवरा म्हणाला, जाऊ या. वहिनी म्हणाल्या, "त्या आकड्यांचं काही खरं नाही. परत सगळी हसतील मला." अंगावर दोन चादरी घेऊन त्या पडून राहिल्या. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बोलेनाशा झाल्या, तेव्हा नवऱ्यानं उचलून नेलं.

केमोनं अंगातली जंतूंशी झुंजणारी ताकद उतरलेली असते. रक्तात जंतू पसरले होते. अकरा दिवस वहिनी अतिदक्षता विभागात होत्या. जगल्या. पण जी जालीम औषधं देऊन वाचवलं, त्यांनी दोन्ही कान नेले. अगदी जवळ येऊन ओरडलं तरच थोडंफार ऐकू यायचं.

महिन्याच्या बैठकीत हे प्रकरण आलं. वॉर्डाचा अहवाल वाचला गेला: 'सूचना लेखी देऊनही रुग्णानं पाळल्या नाहीत. कारण, अज्ञान.' वाचणाऱ्यानं पान उलटलं.

"थांबा," काटेवाले म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "तिनं पाळल्या होत्या. म्हणूनच ती पहिल्यांदा धावत आली होती." आणि त्यांनी सेल्सियस-फॅरनहाइटचं सांगितलं.

मोठ्या बाईंनी पुस्तिका ओढली, सातवं पान काढलं, कपाळाला हात लावला. "अरे देवा. बरोबर आहे तुमचं." पेन काढून तिथेच दोन्ही मापं लिहिली आणि शेजारच्याला म्हणाल्या, "उरलेल्या प्रती आजच्या आज काढून घ्या. ज्यांना दिल्यात त्या प्रत्येकाला फोन करा." सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. कुणी चिडलं नाही, कुणी खुर्ची काढून घेतली नाही. उलट त्या म्हणाल्या, "बरं झालं, सर, तुमच्या लक्षात आलं."

कौतुक! पुन्हा कौतुक. काटेवाल्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"आत्ता नाही आलं, बाई," ते म्हणाले. "छापायच्या आधीच आलं होतं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला सर म्हणत होता म्हणून," काटेवाले म्हणाले. याहून मोठं कारण त्यांना सापडलं नाही, कारण ते नव्हतंच.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "हे समितीला सांगितलंत. तिला सांगितलंत का?"

दुसऱ्या दिवशी ते समोर गेले. वहिनी गठ्ठ्यापाशी बसून घड्या घालत होत्या, डोक्याला रुमाल. नवरा इस्त्री फिरवत होता. दोन बायका कपडे न्यायला आल्या होत्या. काटेवाल्यांना पाहताच वहिनींनी हातातली घडी खाली ठेवली. "भावजी, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते हो. एवढं तपासून दिलं होतंत, आणि मी अडाणी. घरात हे रोज ओरडून ऐकवतात, तुझ्या वेडेपणानं कान घालवलेस म्हणून."

काटेवाल्यांनी खाली वाकून हळूच सांगितलं. सकाळपासून मनाशी घोकत आले होते, तसंच.

"काय?" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा सांगितलं. वहिनींनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला, भावजी. काही कळत नाही."

मग काटेवाले ओरडले. त्या पुस्तिकेत चूक होती, वहिनी! ती मला माहीत होती! तुम्ही बरोबर वागलात! भर गल्लीत, दोन्ही बायकांसमोर, नवऱ्यासमोर. शेजारचा चांभार हातातली आरी तशीच धरून बाहेर आला. नवऱ्यानं इस्त्री उभी केली.

वहिनींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? मी वेडी नव्हते." हे त्या दोनदा म्हणाल्या, डोळे पुसत. मग काटेवाल्यांकडे बघितलं, खूप वेळ. बघता बघता त्यांना काहीतरी आठवलं.

"पण भावजी," त्या म्हणाल्या, "मी सत्त्याण्णवचं सांगायला आले होते, तेव्हा तुम्हीसुद्धा हसला होतात."

"हो," काटेवाले म्हणाले.

ते वहिनींना ऐकू गेलं नाही. काटेवाल्यांना ते पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं.