पंप हाय नव्हं?

वडगावात आमच्या शेताला लागून ज्यांचा ऊस आहे, ते तात्या फार गोड बोलतात. बांधावर उभे राहून आधी खाकरतात आणि मग प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. माझ्या सासूबाईंना दमा आहे आणि उसाचा वाळला पाला, म्हणजे पाचट, जाळल्याचा धूर त्यांना अजिबात सोसत नाही, हे तात्यांना पक्कं ठाऊक आहे. "मी पाचट कुजवतो, कुजवतो," असं ते गावभर सांगतात. तरी ऊस तुटून गेला की त्यांचं पाचट दरवर्षी पेटतंच. विचारलं की म्हणतात, "कुणीतरी बिडी टाकली आसंल."

गेल्या वर्षी ते पेटलं त्या दिवशी सकाळी, पेटायच्या आधीच, तात्या चौकशीला आले होते. "वैनीचा पंप हाय नव्हं घरात? हाय नव्हं?" मला ती माणुसकी वाटली. दुपारी धूर आला आणि धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप ओढूनही सासूबाईंची धाप थांबेना, शेवटी दवाखाना गाठावा लागला.

काल सकाळी तात्या पुन्हा बांधावर खाकरले. "सूनबाई, वैनीचा पंप हाय नव्हं?"

"पंप हाय. काडेपेटी कुणाकडं हाय, तात्या?"

ते हसले, पण त्यांचा हात खिशाकडे गेला. "काय पण बोलता, काय पण बोलता!"

मी वाद घातला नाही. सासूबाईंना स्कूटरवर बसवलं, रोजचा आणि निळा असे दोन्ही पंप पिशवीत टाकले आणि त्यांना बारामतीला नणंदेकडे सोडून आले. परतताना लांबूनच धूर दिसला. तात्यांनी स्वतःची म्हैस मात्र आधीच हलवून, वारा येत होता त्या बाजूला, धुरापासून लांब नेऊन बांधली होती.