दादाची चौकशी

पाचूबंदरच्या आमच्या आळीत पोलीस आला की कुणीतरी दारू गाळताना सापडलं, असंच लोक समजायचे. दारूबंदीचे दिवस होते ते. त्यामुळे भर दुपारी हवालदार आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा शेजारच्या बायकांनी आधी आपापली दारं ओढून घेतली.

तो माझ्या थोरल्या भावाची चौकशी करायला आला होता. दादाने मुंबईच्या सरकारी गोदीत अर्ज केला होता. तिथे लढाऊ जहाजांची इंजिनं दुरुस्त व्हायची, म्हणून माणूस घेण्याआधी त्याच्या गावात विचारपूस होई. वागणूक कशी, संगत कुणाची, व्यसन काही?

व्यसन होतं. बाबा समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत, आणि दादा बंदरावरच्या पडक्या गोदामात गांजा ओढायला बसू लागला. बंदी होती, पण गांजा मिळायचा. एकदा सुकाणू हातात असताना त्याचा डोळा लागला आणि काकाची होडी खडकावर गेली. माणसं वाचली, पण काकाने त्याला पुन्हा होडीत पाय ठेवू दिला नाही.

मग एके दिवशी आई मासळीची पाटी घेऊन त्या गोदामात गेली आणि चिलीमवाल्यांच्या मधोमध बसली. म्हणाली, “ओढा तुमी. मी हितंच मासली इकते.” दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. बाकीचे कंटाळून उठले. शेवटी दादा तिची पाटी उचलून घरी आला.

पुढचे दिवस वाईट गेले. त्याला दरदरून घाम सुटे, झोप लागत नसे. मी पेज नेली की भांडं भिरकावून द्यायचा. अख्खा पावसाळा असाच गेला. त्यातून उठला तो वसईच्या बाजारातल्या एका मेकॅनिककडे इंजिनकाम शिकायला गेला, आणि त्यात त्याचा हात बसला.

हवालदाराने वही उघडली तेव्हा काका ओट्यावरच होता. त्याने झटकन सांगितलं, “पोरगा सोन्यासारखा हाय. सुपारीसुद्धा खात नाय.”

आई आतून पदराला हात पुसत आली. “खोटं कशाला बोलता, भावजी? गांजा ओढायचा तो, हवालदारसाहेब. दोन वर्षं ओढला. आता नाय ओढत. कोनालाबी इचारा.”

काका कपाळाला हात लावून बसला. मलाही वाटलं, संपलं सगळं. दादा संध्याकाळी आला, त्याने ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “मला विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.”

कित्येक महिने काहीच कळलं नाही. मग त्याला मुंबईला बोलावलं. तिथे काय झालं ते त्याने घरी येऊन सांगितलं. साहेबाने विचारलं, “उद्या कुणी म्हणालं, जहाजाची माहिती दे, नाहीतर तुझं गांजाचं प्रकरण फोडतो, तर?”

“साहेब, ते माझ्या आईने केव्हाच फोडलंय. सगळ्या बंदराला ठाऊक आहे.”

साहेब हसला नाही. कधी सोडला, का सोडला, जुन्या सोबत्यांशी बोलणं आहे का, हे सगळं त्याने खोदून विचारलं. दादाला लगेच आत घेतलंच नाही. आधी बाहेरच्या कारखान्यात ठेवलं, वर्षभर त्याच्यावर नजर ठेवली. मगच जहाजांच्या इंजिनखोलीत जायचा पास मिळाला.

त्या रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर काकाने चर्चच्या दारातच दादाला मिठी मारली. आईचं मात्र काही वेगळंच. बाजारात कुणी विचारलं, “मोठा काय करतो गं?” की ती मासळी कापायचं थांबवायची आणि गांजापासून सुरुवात करून सगळं सांगायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी पासापर्यंत आल्याशिवाय ती थांबायची नाही.