लाइनबॅकर कुंडलिकने हात वर केला

आपला कुंडलिक नेमकं काय काम करतो, हे घाटकोपरच्या भटवाडीत सांगताना सोनूबाईंची फार पंचाईत व्हायची. पोरगा फुटबॉल खेळतो म्हणावं, तर या फुटबॉलला पाय फारसा लागतच नाही. चेंडू घेऊन पळतो म्हणावं, तर तेही काम दुसऱ्याचं. कुंडलिक लाइनबॅकर. म्हणजे आपल्या पुढच्या फळीमागे दबा धरून उभं राहायचं आणि चेंडू घेऊन जो फळीतून घुसेल त्याला छातीवर घेऊन आडवं करायचं. सोनूबाई शेवटी एवढंच सांगायच्या, "माणसं पाडतो. पगारी आहे."

अमेरिकेतला हा खेळ मुंबईत आणणाऱ्या लीगला तगडी पोरं हवी होती, आणि ती कबड्डीच्या मैदानावर आयती उभी होती. कुंडलिक उजव्या कोपऱ्याचा गडी. त्याने घोटा धरला की चढाईला आलेला माणूस घरी परत जायचं विसरायचा. एका कंपनीच्या कबड्डी संघातली कायमची नोकरी जवळजवळ हातात होती. ती सोडून त्याने हेल्मेट घातलं, तेव्हा त्याचे कबड्डीतले गुरू, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते त्याच्याशी बोलायचे बंद झाले. बोलले असते तर शिव्याच दिल्या असत्या, म्हणजे तसा फायदाच झाला.

दोन हंगाम तो झकास खेळला. तिसऱ्यात, उपांत्य सामन्यात, एका धिप्पाड गड्याचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. कुंडलिक उठला, गुडघे झटकले, जागेवर उभा राहिला. पुढच्याच खेपेला चेंडूवाला त्याच्या खांद्याला घासून गेला. आणि कुंडलिकने हात वर केला, मान खाली घातली आणि शांतपणे मैदानाबाहेर जाऊन बसला.

भाऊंची शिकवण होती ती. अंगाला हात लागला की पंचाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आपणहून हात वर करायचा आणि बाहेर व्हायचं. कबड्डीत. इथे तो चेंडूवाला मोकळ्या मैदानातून थेट टोकाला पोचला आणि सामना गेला.

तो व्हिडिओ मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत मोबाइल-मोबाइलवर फिरला. रिक्षावाले त्याला बघून हात वर करायचे. भाजीवाली "आउट झालास काय रे?" विचारून कोथिंबीर जरा जास्त द्यायची. कुंडलिकही हसायचा. हेल्मेट आपटल्यापासून बाकावर बसेपर्यंतचं त्याला काहीच आठवत नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण एवढ्या हसण्यात विचारायला सवड कुणाला होती?

त्याला घोर एकच होता, पुढच्या हंगामात घेतात की नाही. कबड्डीच्या नोकरीचं वय निघून गेलं होतं. अशात संघाचा मॅनेजर केयूर याचा फोन आला. गोरेगावच्या स्टुडिओत एका सरबताची जाहिरात आहे, ये, मग पुढचं बोलू. कुंडलिकला त्यातलं 'पुढचं' तेवढं ऐकू आलं.

स्टुडिओत खोटं गवत पसरलं होतं. गंधाली नावाची दिग्दर्शिका म्हणाली, तसंच करून दाखव. तो म्हणाला, आठवत नाही. सगळ्यांना वाटलं लाजतोय. मग तिने मोबाइलवर तोच व्हिडिओ लावला, आणि कुंडलिक स्वतःची चूक स्वतःकडे बघून शिकला. हात इतका वर, मान इतकी खाली. पहिलाच टेक असा उतरला की लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी त्याने केयूरला गाठलं. पुढच्या हंगामाचं काय?

"खेळायचं सोड यार," केयूर म्हणाला. "डॉक्टरने त्याच दिवशी सांगितलं होतं, तुझ्या डोक्याला मार बसलाय. तुला पुन्हा मैदानात उतरवलं आणि काही झालं, तर आमची वाट लागेल ना."

"त्याच दिवशी? मग लोकांना का नाही सांगितलं?"

"अरे, लोक हसत होते. डोक्याच्या माराचं सांगितलं असतं, तर कोण हसलं असतं?" केयूरने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "आणि ही जाहिरात तरी मिळाली असती का तुला?"

हाताशी असावा म्हणून गंधालीला आणखी एक टेक हवा होता. कुंडलिक खोट्या गवतावर जाऊन उभा राहिला. चेंडूवाल्याचं काम करणारा पोरगा खांद्याला घासून गेला. कुंडलिक हलला नाही.

"हात, कुंडलिक, हात," गंधाली म्हणाली. "आउट झालास ना तू?"

"नाही झालो," कुंडलिक म्हणाला.

मग केयूरने घड्याळात पाहिलं. दिवे विझले, गवताची गुंडाळी झाली. जाहिरातीत पहिलाच टेक वापरला गेला. तो सगळ्यांना फार नैसर्गिक वाटला.